तपासणीच्या दिवशी आम्ही लोबान जाळला

कौशल्याआत्यावर अन्याय झाला तो माझ्या अकरावीच्या वर्षी, पोळ्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी, सकाळी अकरा ते साडेअकराच्या दरम्यान. झाला तो आमच्याच ओसरीवर, आमच्याच खुर्चीत बसलेल्या माणसाकडून. कागदाखाली धरायला त्याने माझी इतिहासाची वही मागून घेतली होती. त्या कागदावर त्याने लिहिलं की या बाईला धाप लागते ती तिच्या चुलीमुळे आणि घरातल्या धुरामुळे. शेजारच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्राशी त्याचा संबंध दिसत नाही. मग सही केली, चहा घेतला आणि गेला. कोणावर, कधी, कोणी, हे आधी सांगून टाकायची सवय मला पत्रकं लिहून लिहून लागली आहे. पत्रकात एवढ्यावर थांबता येतं. इथं येत नाही, कारण त्या कागदात आमचाही हात होता, आणि तो कसा होता हे पत्रकाच्या एका पानात मला आजवर बसवता आलेलं नाही.

अठ्ठाविसाव्या वर्षी आठवणी लिहायला बसले म्हणून, ज्या गटासाठी मी ही पत्रकं लिहिते, त्यातली पोरं हसतात. हसू देत. गावाचं नाव मात्र मी लिहिणार नाही. परभणी जिल्ह्यातलं गाव, एवढं पुरे. गल्लीतल्या दोन पोरींची लग्नं अजून व्हायचीत, आणि "त्या वासाच्या गल्लीतली का?" हा प्रश्न मी माझ्या कानांनी ऐकलेला आहे. मला बघायला आलेल्यानेच तो विचारला होता. मी त्याच्या हातातला चहाचा कप परत घेतला, ती गोष्ट वेगळी.

आमचं घर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या, पुढं ओसरी, ओसरीच्या एका अंगाला चूल. बाबा पूर्णेला रेल्वेत होते, आठवड्यातून एकदा घरी येत. बाकी दिवस घरात आम्ही तिघी, आई, मी आणि आत्या. आत्या बाबांची थोरली बहीण. वालूरला दिली होती. नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, तेव्हा एक पत्र्याची पेटी आणि भाकरीचं पीठ मळायची लाकडी काटवट घेऊन ती भावाकडे आली. पेटीत काय होतं ते मी कधी पाहिलं नाही. काटवट मात्र दुसऱ्या दिवसापासून कामाला लागली. बसस्टँडजवळच्या दोन खानावळींना आत्या ज्वारीच्या भाकरी करून द्यायची. पहाटे एक टोपली, दुपार कलली की दुसरी. तिच्या भाकरीला आई "पान" म्हणायची, इतकी पातळ आणि इतकी मऊ. तव्यावरून काढून निखाऱ्यापाशी उभी केली की भाकरी टम्म फुगायची, आणि त्या पहिल्या भाकरीवर माझा हक्क असायचा. अंबाडीची भाजी, वर कच्चं तेल, शेंगदाण्याची चटणी. अजूनही भूक लागली की मला तोच वास आधी आठवतो. माझ्या नाकाचे उपकारच म्हणायचे, कारण दुसरा वास लक्षात ठेवायला त्याला त्या घरात काही कमी कारणं नव्हती.

भिंतीपलीकडे ते केंद्र होतं. सगळी गल्ली त्याला फिल्टर म्हणायची. मी तिसरीत असताना तिथं बाभळीचं रान होतं आणि आम्ही तिथं बोरं वेचायला जायचो. म्हणजे आम्ही आधीचे, फिल्टर नंतरचं; हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढं अनेकांनी मला विचारलं की अशा जागी घर बांधलंच कशाला. गावातलं सगळं सांडपाणी तिथल्या टाक्यांत यायचं आणि मोठाले पंखे ते घुसळायचे. दूर शेतात मळणीयंत्र चालावं तसा तो आवाज दिवसरात्र चालू असायचा, इतका की तो बंद पडला तरच आम्ही दचकायचो. दिवसा वारं असलं की वास वरच्या वर निघून जायचा. तिन्हीसांजेला वारा पडला की तो गल्लीत येऊन बसायचा, सडक्या अंड्यासारखा, आणि थंडीत त्याच्याबरोबर पंख्यांनी उडवलेला बारीक फवारा भिंतीवरून यायचा. दोरीवरचे कपडे दमट व्हायचे. आईची चांदीची जोडवी घासल्यावर आठ दिवसांत काळी पडायची. "लता, जोडवी घासत जा गं, बाई मानसाचा पाय हाय तो," असं आत्या तिला टाकून बोलायची, पण एके दिवशी आत्याचा स्वतःचा तांब्याचा गडू तसाच काळवंडला. त्यानंतर तिने जोडव्यांचा विषय काढला नाही.

आत्याच्या छातीचं काय चाललंय हे आम्हांला तिच्या हातावरून कळायला लागलं. मी आत अभ्यासाला बसायची आणि ओसरीवरून भाकरी थापायचा आवाज यायचा. पूर्वी एक भाकरी ती एका दमात थापायची. मग आवाज मध्येच थांबायला लागला. वाकून पाहिलं तर दोन्ही तळवे पिठावर टेकलेले, खांदे वरखाली, तोंड मिटलेलं. तोंड ती मुद्दाम मिटून ठेवायची. खानावळवाल्यांपैकी कोणी आलेलं असलं तर ती खोकला अक्षरशः गिळायची, डोळ्यांत पाणी यायचं, पण आवाज काढायची नाही. गावातल्या डॉक्टरांनी ॲलर्जी सांगितली. कशाची, ते त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. त्यांनी छातीत ओढायचा पंप लिहून दिला. तो पंप आत्या तांदळाच्या डब्यात लपवायची.

"खोकनाऱ्या बाईच्या हातची भाकर कोन खाईल?" तिचं म्हणणं. "तू बी कुनाला सांगू नको, सुमे."

मी सांगितलं नाही. गल्लीतल्या आणखी किती डब्यांत असे पंप होते ते मला फार पुढं कळलं.

अकरावीच्या आधीच्या उन्हाळ्यात आत्या पालमला बहिणीकडे, भाचीच्या बाळंतपणाला गेली. पंधरा दिवसांनी तिला आणायला मी एसटीने गेले आणि एक रात्र राहिले. सकाळी उठून पाहते तर आत्या अंगणातल्या बाजेवर सपाट पडलेली. उशाला एक घडी घातलेलं लुगडं, बस. आमच्या घरी ती तीन वाकळांच्या, म्हणजे जाड गोधड्यांच्या, ढिगाला टेकून, जवळजवळ बसूनच झोपायची.

"आत्या, तू सपाट झोपलीस."

"मग काय उभी झोपू?"

"घरी झोपतीस का अशी?"

तिने उशाच्या लुगड्याकडे पाहिलं. तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. मग म्हणाली, "हितली हवा मोकळी हाय." आणि उठून चहा ठेवायला गेली. आम्ही परत आलो. तिसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला तिने कोपऱ्यातल्या वाकळा ओढून घेतल्या, एकीवर एक रचल्या आणि टेकून बसली. मी उठले. वहीचं मधलं पान फाडलं आणि नगरपालिकेच्या आरोग्य खात्याच्या नावाने माझ्या आयुष्यातला पहिला अर्ज लिहिला. त्यात मी पालमच्या बाजेबद्दल लिहिलं, वाकळांबद्दल लिहिलं, आणि शेवटी मागितलं ते एवढंच की तुम्ही या आणि स्वतः बघा.

सह्या मिळवायला मात्र घाम निघाला. बायका म्हणायच्या, वास येतो म्हणून लिहून दिलं की उद्या सोयरीक घेऊन येणारा नाक दाबूनच येईल. आई आत निघून गेली. पहिली सही केली समोरच्या जब्बारचाचांनी. ते शिंपी. शिवून ठेवलेल्या कपड्यांना वास लागतो म्हणून गिऱ्हाइकं त्यांना बोलायची.

"ला इधर," ते म्हणाले. "मेरे घर में कौन सी बेटी बैठी है ब्याहने की. और शेरवानी में से संडास का बास आता बोलते लोगां."

त्यांच्या मागोमाग आत्याने सही केली. पंप लपवणारी आत्या. तिला फक्त नाव लिहिता यायचं, ते तिने इतक्या सावकाश लिहिलं की खाली कागदाला खळगा पडला. "माझं नाव नको मनलं होतं," ती म्हणाली, "पर मग लिहायचं कुनाचं?" दोन सह्या पाहून बाकीच्या आल्या.

तपासणीला खात्याचे साहेब येणार असा निरोप आला तेव्हा गल्लीत सणासारखं वातावरण झालं. इथं आमची चूक आहे आणि ती मी झाकणार नाही. मोठा माणूस आपल्या दारात येणार म्हटल्यावर आमच्या बायकांना दुसरं काही सुचतच नाही. बुधवारी त्यांनी गल्ली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत झाडली. नाली उपसली. गुरुवारी पहाटे शेणाचा सडा पडला, रांगोळ्या आल्या. आत्याने मुरमुरे भिजवून, डाळव्याचं कूट, कांदा, मिरची घालून पातेलंभर सुशीला केला. आणि जब्बारचाचा एका पुडीत लोबान घेऊन आले. "साहब आते. अच्छा बास आना मंगता." निखारे मी घेतले, चुलीतले. लोबान मी टाकला. घरभर, ओसरीभर, उंबऱ्यावर मी तो धूर फिरवला. वास येतो अशी तक्रार लिहिणारी मीच, आणि तपासणीच्या दिवशी वास झाकणारीही मीच. त्या क्षणी मला त्यात काही चुकतंय असं तिळभरही वाटलं नाही. पाहुणे येणार होते.

सकाळपासून फिल्टरचे पंखे बंद होते. ती शांतता मला आठवते. चिमण्या ऐकू येत होत्या.

साहेब आले. वाईट माणूस नव्हता, खरं सांगते. चपला बाहेर काढल्या, आत्याला "मावशी" म्हणाले. आत्याने खुर्ची पदराने पुसली.

"मावशी, वास येतो का इथं?"

"सध्या न्हाई बगा."

"म्हणजे येतो कधी?"

"येतो कदीमदी. तुमी घ्या की आदी. थंड व्हायलाय."

त्यांनी सुशीला घेतला, छान झाला म्हणाले. आत्याने आणखी वाढला. जब्बारचाचा उंबऱ्याशी उभे होते. ते म्हणाले, "साहब, आज पंखे बंद हैं. रोज तो चलते." साहेब म्हणाले, "केंद्रातली नोंद वेगळी होईल, इथं घरातलं बघायचंय." आणि पुन्हा आत्याकडे वळले.

"खोकला कोणाला आहे घरात?"

आत्याचे खांदे वर गेले. मी ट्रे धरून तिच्या मागे उभी होते, मला दिसत होतं. तिने तोंड मिटलं, डोळे मोठे केले, आणि गिळला. इतक्या वर्षांची सवय ती. मग हसून म्हणाली, "खोकला कुनाला नस्तो, साहेब?"

साहेबही हसले. चहा चुलीवर उकळत होता, लोबानाचं धुपाटणं कोपऱ्यात होतं, ओसरीवर निळा धूर होता. साहेबांनी डोळे चोळले. "धूर फार आहे हो. चूल किती वर्षं वापरता?"

"धा वर्साची होते तवापून," आत्या अभिमानाने म्हणाली.

त्यांनी माझी वही मागितली आणि लिहायला घेतलं. अर्जातला शब्द न् शब्द मला पाठ होता. माझ्या हातात ट्रे होता. मी त्यात रिकाम्या बश्या गोळा केल्या. साहेब गेल्यावर बायका म्हणाल्या, लय चांगला साहेब होता, दोनदा सुशीला घेतला.

दिवाळीच्या आधी कागदाची प्रत आली. मी वाचून दाखवली. आत्या म्हणाली, "परत वाच." मी परत वाचली.

"माझ्या चुलीनं?"

"तसंच लिहिलंय."

"त्यानं ईचारलं तवा मला वाटलं, कवतिक करायलाय." ती बराच वेळ काटवटीच्या कडेवरचं वाळलेलं पीठ नखाने खरवडत बसली. आई म्हणाली, "जाऊ द्या, अक्का. कागदाला काय घेऊन बसता." आत्या म्हणाली, "कागदालाच घेऊन बसायचं हाय आता."

दुसऱ्या दिवशी तिने चुलीतली राख भरून काढली, चूल सारवली आणि तिच्यावर भाकरीची जुनी टोपली पालथी घातली. "आजपून चूल बंद. बगू खोकला कुनाचा हाय ते." अडीअडचणीपुरता घरात ठेवलेला गॅस आता भाकरीला आला. भाकरी व्हायची, पण निखारा नसल्यामुळे तशी फुगायची नाही. पंधरा दिवसांत एका खानावळवाल्याने सांगितलं, "अक्का, पयल्यावानी चव न्हाई ऱ्हायली," आणि दुसरी बाई बघितली. आत्याने ते ऐकून घेतलं. चूल उघडली नाही. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत ती मला कॅलेंडरवर लिहायला लावायची. कोणत्या संध्याकाळी वास आला, पंखे चालू होते की बंद, किती वाकळा घ्याव्या लागल्या. "आज तीन. लिही. काल दोनच होत्या, ती बी लिही, खोटं नको." डोळ्यांची जळजळ थांबली हे तिने मोकळेपणाने मान्य केलं. "धूर वाईटच होता, त्या साहेबाचं तेवडं खरं हाय. डोळे मोकळे झाले. छाती न्हाई झाली." आज मी गावोगाव बायकांना चुलीचा धूर छातीला वाईट म्हणून सांगत फिरते, आणि दर वेळी हे वाक्य मला आठवतं. एवढा सरळ अहवाल मला अजून कुठल्या कार्यालयातून मिळालेला नाही.

दुसरा अर्ज आम्ही कॅलेंडर जोडून दिला, आणि त्यात मागितलं की तपासणी संध्याकाळी व्हावी, आधी न कळवता. संक्रांतीनंतर एके दिवशी, दिवेलागणीच्या थोडं आधी, तपासणीला एक बाई आल्या. तरुण होत्या, खांद्याला पिशवी. गल्ली झाडलेली नव्हती. पंखे चालू होते. आई चटकन पाण्याचा तांब्या घ्यायला उठली, तर आत्याने तिचा हात धरला आणि खाली बसवलं. बाईंना तिने भिंतीकडे तोंड करून पायरीवर बसायला सांगितलं. "बसा. वारा पडू द्या."

बाई बसल्या. आम्ही बसलो.  थोड्या वेळाने पत्र्यावरची खडखड थांबली, म्हणजे वारा पडला. बाईंनी ओढणी नाकाला लावली. मग आत्याला खोकला आला आणि या वेळी तिने तो गिळला नाही. मी तो तोवर पुरता कधी ऐकलाच नव्हता. तो थांबेचना. ती गुडघ्यांवर वाकली, एका हाताने पायरी धरून. बाईंनी पेन खाली ठेवलं, म्हणाल्या, "अहो, यांना पाणी द्या कोणीतरी." मी पाणी आणलं, आत्याला दिलं. बाईंना विचारलं नाही, कारण आत्याचा तसा हुकूम होता. त्यांनी चुलीवरची टोपली उचलून बघितली, खाली राखेचा कणही नव्हता. लिहून घेतलं आणि गेल्या.

त्या संध्याकाळी आत्या जेवली नाही. "उंबऱ्यावर आलेल्या लेकराला म्या पानी न्हाई ईचारलं," ती म्हणाली. "जल्मात पयल्यांदा." आई तिची समजूत घालत होती. मला तेव्हा आत्याचा राग आला होता, की जिंकल्यावरही ही अशी का बसलीय. आता राग येत नाही. माणसाकडून त्याचं चांगलं वागणं काढून घेतल्याशिवाय त्याची तक्रार ऐकूनच घेतली जात नसेल, तर त्या तक्रारीची किंमत कोण मोजतंय हे मला आता कळतं.

बाईंनी लिहिलं होतं की संध्याकाळी तीव्र वास जाणवला, घरात चूल बंद आहे, रुग्णाला खोकला व धाप आहे, टाक्या झाकाव्यात. दोन वर्षांनी अर्ध्या टाक्यांवर झाकणं आली. उरलेल्या अर्ध्या अजून उघड्या आहेत. आम्ही विचारायला गेलो की समोर दोन कागद ठेवले जातात, पोळ्यानंतरचा आणि संक्रांतीनंतरचा, आणि सांगितलं जातं की दोन अहवाल एकमेकांशी जुळत नाहीत, तेव्हा निश्चित काही म्हणता येत नाही. पहिला कागद अजून कोणी मागे घेतलेला नाही. आत्या आता पालमला बहिणीकडे असते. आई अजून त्याच घरात आहे, आणि मागच्या थंडीपासून तीही उशाला दोन वाकळा घ्यायला लागली आहे.

म्हणून आता तुम्हांला सांगते, विनंती म्हणून नाही. तुमच्या घराशेजारी असं केंद्र असेल, किंवा तुमचं कोणी अशा गल्लीत राहत असेल, तर आजपासून एक कॅलेंडर भिंतीला लावा आणि रोज संध्याकाळी त्यावर लिहा: वास, वारा, पंखे, कोणाला धाप लागली. डब्यात लपवलेला पंप बाहेर काढून फळीवर ठेवा. तपासणी अकराला ठेवली तर नको म्हणा, वारा पडल्यावर बोलवा. त्या दिवशी झाडू नका, सडा घालू नका, काही जाळू नका, काही शिजवू नका. आणि ते समोर बसलेले असताना खोकला आला, तर तोंडावर पदर घेऊ नका. खोका. त्यांना लिहून होईपर्यंत खोका.